चष्म्याचा नंबर दुकानात काढू द्यावा का?

रेटिनोस्कोपवाली:
मी पुण्यात बी. ऑप्टोमेट्रीच्या (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवणारी पदवी) चौथ्या, म्हणजे इंटर्नशिपच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात ओपीडीत ९ वर्षांची मुलगी आली. डोळ्यांवर पावणेदोन मायनसचा चष्मा आणि चार महिने डोकेदुखी. नंबर एका दुकानात मशिनवर काढलेला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून थेंब घातले, तासभर बसवलं. मग खोली अंधारी करून रेटिनोस्कोपची, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर शोधायच्या हातातल्या उपकरणाची, उजेडाची पट्टी तिच्या बाहुलीवर फिरवली. दोन प्लसची काच धरली तेव्हा आतली चमक हलायची थांबली. मी हातभर अंतरावरून बघत होते, त्या अंतराचे दीड वजा केले, उरला अर्धा प्लस. त्या पोरीला चष्म्याची गरजच नव्हती!

मशीनमध्ये बघताना मुलांचा डोळा जवळचं बघितल्यासारखा ताण घेतो आणि मशीन तो ताण मायनस म्हणून छापून देतं. थेंबांनी ताण सुटला की खरा नंबर सापडतो. हे ओळखायला आम्ही चार वर्षं शिकतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, शिक्षण नसलेल्यांनी नंबर काढणं बंद व्हायला हवं. सगळीकडे, सगळ्यांसाठी.

काउंटरवरचा:
ताई, २८ वर्षं तालुक्याच्या ठिकाणी दुकान चालवतो. मामांच्या हाताखाली शिकलो. ट्रायल फ्रेम चढवून, काचा बदलून, माणसाला तक्ता वाचायला लावून नंबर काढतो. मशीन तर माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी आलं. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं चाळीशीची. शिवणकाम करणारी बाई, पोथी वाचणारे आजोबा. त्यांना एक, दीड, दोनचा जवळचा नंबर द्यायला डिग्री लागते? मोतीबिंदू दिसला की मी स्वतः चिठ्ठी लिहून पाठवतो. तुमच्यातलं कुणी शिकून आमच्या गावात बसायला येतं का, ते आधी सांगा. आणि बायफोकलची रेघ कुठे यावी, फ्रेम नाकावर कशी बसावी, हे आम्हाला हातानं येतं. दुकानं बंद केलीत तर आजोबांची पोथी बंद होईल.

एका ऑप्टोमेट्रिस्टची आई:
दुकानदार दादांचं पटतंय, पण मला दुसरंच बोलायचंय. माझ्या मुलानं हीच डिग्री घेतली. फी भरताना सोनं मोडलं. पहिली नोकरी एका साखळी दुकानात, महिना १८,००० रुपये. आणि रोज किती फ्रेम विकल्या याचा हिशेब. माणसाला जुनाच नंबर चालतोय असं त्यानं सांगितलं, तर संध्याकाळी मॅनेजर विचारतो, गिऱ्हाईक परत का गेलं? मग शिकलेला माणूस आणि न शिकलेला यात गिऱ्हाइकाला फरक कुठून दिसणार? तुम्ही नुसती डिग्रीची सक्ती मागता. मुलांना इमानानं काम करू देणाऱ्या जागा कुठे आहेत?

ओपीडीत बारा वर्षं:
मी धागाकर्तीच्याच व्यवसायातला, तरी तिच्याशी अर्धाच सहमत. आपल्याकडे चार वर्षांचा कोर्स १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूलनं सुरू केला, शंकर नेत्रालयाच्या आधारानं. तिथे मागे रुग्णालय होतं. आज नव्यानं निघणाऱ्या प्रत्येक कॉलेजमागे तसं रुग्णालय असतंच असं नाही. इंटर्न येतात, पुस्तक पाठ असतं, पण रेटिनोस्कोप हातात दिला की पट्टी थरथरते. ती थरथर शेकडो डोळे बघितल्याशिवाय जात नाही.

दुकानदार काका, तुम्हालाही एक सांगतो. १९ वर्षांचा एक मुलगा आला होता. दीड वर्षात तीन चष्मे झालेले, दर वेळी सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा, नंबर वाढलेला. काचा बदलणाऱ्यानं प्रत्येक वेळी मनापासूनच काम केलं असेल. पण रेटिनोस्कोपमध्ये त्याची चमक कात्रीसारखी उघडत-मिटत होती. केराटोकोनस. डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येत चाललेला. वेळेत क्रॉस-लिंकिंग, म्हणजे तो पडदा घट्ट करायचा उपचार, केलं तर तो तिथेच रोखता येतो. पहिल्या चष्म्यालाच पाठवला असता, तर पुष्कळ नजर वाचली असती. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिलंय. कागदावर जागा मिळाली, आता हाताला तेवढं वळण हवं.

रेटिनोस्कोपवाली:
'सगळ्यांसाठी' हा शब्द मी मागे घेते. काका, पोथीवाल्या आजोबांबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्या आजीची चाळीशी असल्याच दुकानातली होती. पण मुलांबद्दल मी तसूभरही हलणार नाही. मोठा माणूस सांगतो, चष्म्यानं गरगरतंय. मूल सांगत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. एक डोळा कमजोर असला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्षच करायला शिकतो. लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो जागा करता येतो, वय वाढेल तसं ते अवघड होत जातं. सिलिंडर सारखा वाढत असेल, तरीही पाठवा. आणि काकू, टार्गेटबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मलाही सहा महिन्यांत तीच नोकरी शोधायची आहे.

काउंटरवरचा:
कात्रीसारखी चमक मी २८ वर्षांत ऐकलीसुद्धा नव्हती. किती पोरं माझ्या हातून तशीच पुढे गेली असतील, या विचारानं काल झोप लागली नाही. मुलांचं मान्य. चाळीशीचं नाही, तिथे मी माझ्या जागी ठाम आहे.

पण अडचण ऐका. आमच्याकडून जिल्ह्याचं रुग्णालय ५५ किलोमीटर. थेंब घातले की पोराला दिवसभर धूसर दिसणार, म्हणजे आईचा किंवा बापाचा रोज बुडणार. मी चिठ्ठी लिहीन, ती माणसं घरी जातील आणि पुढच्या बाजाराला दुसऱ्या दुकानात मशिनवर नंबर काढतील. तुमच्या कॉलेजातले इंटर्न महिन्यातला एक बाजारवार आमच्याकडे येतील का? मागची खोली अंधारी करून देतो. पोरं गोळा करायचं काम माझं.