दिवाळीच्या सुट्टीतला प्रकल्प: विषय सुचवा (प्रदूषण आणि ज्वालामुखी सोडून)

संगमनेरकरीण
नमस्कार मंडळी, मुलगा नववीला आहे. शाळेने यंदा सुट्टीच्या प्रकल्पाचा विषय मुलांवरच सोडलाय, चिठ्ठीत लिहिलंय की विज्ञान, इतिहास, गणित, भूगोल, घरातलं-शेतातलं काहीही चालेल फक्त नेटवरून उतरवलेलं नको. आता आमचे चिरंजीव म्हणतात ग्लोबल वॉर्मिंग करतो, कारण स्टेशनरीच्या दुकानात तयार चार्ट मिळतो आणि माहिती मोबाईलवर आहेच 😀 मला ते नकोय. घरी सासू-सासरे आहेत, पुढे अंगण आहे, बजेट दोन-तीनशेच्या वर नाही. आणि हो, हे काम त्याने करायचंय, मी फराळात असणार. प्लीज सुचवा.

बाकावरचा
ताई थर्माकोलचा ज्वालामुखी, सोडा आणि व्हिनेगर, दहा मिनिटात काम तमाम. रेडिमेड पण मिळतो.

निवृत्त_मास्तर
बाकावरच्या बाळा, शीर्षक वाच जरा.
ताई, तीसेक वर्षं असल्या फायली तपासल्यात म्हणून सांगतो, विषय जेवढा मोठा तेवढी फाईल पोकळ. ग्लोबल वॉर्मिंग, स्त्री-भ्रूणहत्या, अंतराळ संशोधन, हे सगळे विषय महत्त्वाचेच आहेत पण चौदा वर्षांच्या पोराने त्यात स्वतः काय केलं असं विचारलं की पोरगं चपलेकडे बघतं. त्यापेक्षा त्याला स्वतः मोजता येईल किंवा चालत जाऊन कुणाला विचारता येईल असं काहीतरी घ्या.
घरात सासूबाई आहेत ना, मग धान्य मोजायची जुनी मापं घ्या. चिपटं, मापटं, शेर, पायली. माळ्यावर एखादं तरी पडलेलं असेल, नसलं तर शेजारी विचारा, खेड्याकडच्या पाहुण्यांकडे नक्की निघेल. चार शेरांची पायली हे सगळे सांगतील पण पायली म्हणजे किती किलो असं विचारलं की प्रत्येक जण वेगळा आकडा देईल, आणि खरी गंमत तिथेच आहे. हे माप आकारमानाचं, वजनाचं नव्हे. एकाच मापट्यात ज्वारी भरा, तांदूळ भरा, शेंगदाणे भरा, पोहे भरा (दिवाळीत चिवड्याला आणलेले असतीलच) आणि प्रत्येक वेळी किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून आणा. पोह्यांचं वजन बघून पोरगा चक्रावेल. मग त्याला घनता शिकवायला वेगळं पुस्तक लागायचं नाही.

कोल्हापुरी_ठसका
मास्तर एक नंबर. यात भर घालतो, सपाट माप आणि शिगोशीग (काठाच्या वर ढीग येईल असं भरलेलं) माप दोन्हीचं वजन घ्यायला सांगा. आमचा आज्जा सांगायचा, देताना सपाट आणि घेताना शीग लावून असा व्यापाऱ्याचा हिशोब 😂 एका पायलीमागं किती फरक पडतो ते काढलं की पोत्यामागं किती, वर्षाला किती, सगळं गणित निघतंय बघा. माप बुडाला रुंद असेल की तोंडाला रुंद असेल यावर शीग किती बसते तेपण बघू दे.

निवृत्त_मास्तर
शाब्बास. आणि इतिहासही येतोच त्यात. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून, त्याआधी 16 आण्यांचा रुपया. आजोबांना विचारायला लावा की बाजारात हा बदल कधी दिसायला लागला, आणि पोराला लिहून घेऊ द्या ते जसं बोलतात तसंच, साफसूफ न करता.

खगोलप्रेमी_नाशिक
मापांचं छानच आहे, पण अंगण आहे म्हणताय तर काठीची सावली पण विचारात घ्या, खर्च शून्य. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा (दोऱ्याला बांधलेलं वजन) लावून उभी करायची, सकाळी साडेदहापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची आणि लांबी लिहायची. सगळी मुलं गृहीत धरतात की सगळ्यात छोटी सावली बरोब्बर 12 ला पडणार. नाही पडत! आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरकडून जाते ती रेषा, आणि संगमनेर साधारण 74.2 वर, म्हणजे सव्वाआठ अंश पश्चिमेला. अंशाला 4 मिनिटं धरली तर 33 मिनिटं उशीर. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे असतो, त्यामुळे तुमच्याकडे सगळ्यात छोटी सावली 12 वाजून 17 मिनिटांच्या आसपास यायला हवी, लांबी 70 सेंटीमीटरच्या जवळपास. हे आकडे मुलाला आधी सांगू नका, त्याला काढू द्या मग विचारा असं का. सगळ्यात छोट्या सावलीची रेघ म्हणजे खरी उत्तर दिशा, ती मोबाईलच्या होकायंत्राशी जुळते का तेही बघता येईल.

संगमनेरकरीण
बापरे हे मलाच करावंसं वाटायला लागलं. पण ढग आले तर?

खगोलप्रेमी_नाशिक
दुसऱ्या दिवशी करायचं, सुट्टीच आहे की. खुणा दोन दिवसांच्या मिसळू नका एवढंच.

मीटरवाला
आमच्या पुतण्याने विजेचं केलेलं ते सांगतो. नवीन इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, आमच्याकडे 3200 आहे, तुमचा वेगळा असू शकतो. घरातलं सगळं बंद करून फक्त एक जुना पंखा चालू ठेवायचा आणि मिनिटाला किती वेळा लुकलुकला ते मोजायचं, 75 वॉटचा असेल तर चारदा येतो. मग टीव्ही, मग फ्रीज, एकेक करून. पुतण्याला कळलं की सगळं बंद केलं तरी दिवा अधूनमधून लुकलुकतोयच, शोधलं तर सेटटॉप बॉक्स आणि वायफाय, कोणी बटण बंदच करत नव्हतं. मीटर उंचावर असेल तर स्टुलावर मोठं माणूस जवळ पाहिजे आणि कशालाही हात लावायचा नाही, लांबून फक्त बघायचं.

गडवाटा
इतिहासाची आवड असेल तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. गावाबाहेर मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी कोरीव दगड उभे असतात, लोक शेंदूर लावतात आणि विसरतात. तो खालून वर वाचायचा, खाली लढाई, मध्ये वीराला अप्सरा वर नेतायत, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. फोटो, मोजमाप, शेजारच्या म्हाताऱ्या लोकांना काय माहिती आहे ते, बास. दगड धुवायचा खरडायचा नाही म्हणावं.

बाकावरचा
मी खरंच विचारतो, एवढं करून शाळेत मार्क तेवढेच ना? चार्टवाल्याला पण तेवढेच मिळणार.

निवृत्त_मास्तर
मिळतीलही, खोटं कशाला बोलू. बऱ्याच ठिकाणी फाईलीचं कव्हर बघून सही होते. पण तोंडी विचारलं तर चार्टवाला अडकतो आणि मापटंवाला थांबता थांबत नाही, हे मी बघितलंय.

सिन्नरचा_पोऱ्या
संगमनेरहून सिन्नर जवळच आहे, एक चक्कर गारगोटी म्युझियमला मारा, आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट खनिजांचे स्फटिक बघायला मिळतात. प्रकल्प म्हणून नाही, असंच. (तिकिटाचं बजेट तुमच्या दोन-तीनशेत धरू नका.)

संगमनेरकरीण
सगळ्यांचे आभार 🙏 चिरंजीवांना धागा वाचून दाखवला. सावलीला आधी नाक मुरडलं, "उन्हात कोण बसणार", पण देताना सपाट घेताना शीग हे ऐकून एकदम उठला आणि आजीकडे गेला. सासूबाईंनी माळ्यावरून पितळी मापटं काढायला लावलं, त्यात गेली कित्येक वर्षं बटणं ठेवलेली. आता एक शंका, मापट्याचा काठ एका बाजूला चेपलाय, त्याने वजन चुकणार का?

कोल्हापुरी_ठसका
ठोकून सरळ करू नका ओ, जुनं पितळ आहे, चीर जाईल. सगळी धान्यं त्याच मापट्यानं मोजा म्हणजे फरक सगळ्यांना सारखाच. सपाट करायला पट्टी मात्र चेपलेल्या बाजूनं ओढू नका.

निवृत्त_मास्तर
आणि त्यात नेमकं किती मावतं ते पाणी भरून मोजपात्राने बघा, नसेल तर औषधाच्या बाटलीचं झाकण चालतं, मिलिलिटरच्या खुणा असतात, फक्त वेळ लागेल. चेप पडलाय हे फाईलीत फोटोसकट लिहायला सांगा. एकेका धान्याचं तीनदा वजन करायचं, दर वेळी रिकामं करून पुन्हा भरून. पोहे दाबून भरायचे नाहीत.