अनुभव धागा: ‘एनओसी आठ दिवसांत येईल’ (जुनी गाडी आणि तिच्यावर राहिलेलं कर्ज)

वारजेकरीण

गेल्या महिन्यात मावसभावाने एक जुनी गाडी बघायला बरोबर नेलं. आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी-कार्डाच्या, मागच्या बाजूला बँकेचं नाव होतं. मालक सहज म्हणाला, “कर्ज कधीच फिटलंय, एनओसी आठ दिवसांत येईल.” एनओसी म्हणजे कर्ज फिटल्याचं बँकेचं ना-हरकत पत्र. माझ्या पोटात गोळाच आला. अगदी ह्याच शब्दांत हे वाक्य आम्ही २०२२ साली ऐकलं होतं, आणि ते निस्तरायला आम्हाला दोन वर्षं लागली.

म्हणून हा धागा. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये बोजा (आरसीवर नोंदलेलं कर्ज) असलेली जुनी गाडी ज्यांनी घेतली, विकली, त्यात जे अडकले किंवा सुटले, त्यांनी इथे जरूर लिहावं. बँकेचं, डीलरचं, माणसाचं नाव नको. कुठला कागद चुकला आणि पैसे कुणाच्या हातात गेले, एवढं मात्र नीट लिहा. पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

आधी आमचं सांगते. जून २०२२ मध्ये चिंचवडच्या एका गृहस्थांकडून ३ लाख ८० हजारांना गाडी ठरली. एजंट ओळखीचा होता. एनओसी येईपर्यंत २५ हजार राखून ठेवायचे आणि बाकीचे ३ लाख ५५ हजार द्यायचे, असं तोच म्हणाला. आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरवर, मालकाच्या सह्या घेतल्या आणि गाडी दारात आणून नारळ फोडला. त्या दिवशी कर्जखात्यात १ लाख ७४ हजार बाकी होते. हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं.

फेब्रुवारी २०२३. बाबांना डोळ्यांच्या तपासणीला नेत होतो. वारज्याच्या पुलाखाली मोटरसायकलवरची दोन माणसं आडवी आली. त्यांच्या मोबाइलमध्ये थकलेल्या गाड्यांच्या नंबरांची यादी होती. आवाज न चढवता त्यांनी कागद दाखवला, आणि बाबांना काळा चष्मा लावलेल्या अवस्थेत रिक्षात बसवून आम्ही पुढे गेलो. गाडी वाघोलीकडच्या एका यार्डात गेली. थकलेले हप्ते, दंड, व्याज, यार्डाचं भाडं धरून २ लाख ५ हजार भरले तेव्हा सुटली.

मला वाटलं, इथे संपलं. पण एनओसी बँक फक्त कर्जदारालाच देते. पैसे आमचे, खातं त्यांचं. ते गृहस्थ चिंचवडचं भाड्याचं घर सोडून गेलेले. त्यांच्या भावामार्फत शोधून, हातापाया पडून त्यांना शाखेत आणायला जानेवारी २०२४ उजाडला. सगळे पैसे भरलेली माणसं आम्ही, पण बँकेच्या आणि आरटीओच्या लेखी आम्ही कुणीच नव्हतो. राखून ठेवलेल्या त्या २५ हजारांचा काहीही उपयोग झाला नाही. १ लाख ७४ हजारांचं कर्ज फेडण्यापेक्षा २५ हजार सोडणं त्यांना परवडत होतं. हा हिशेब आम्ही त्या दिवशी करायला हवा होता.

पिंपळे सौदागर

ताई, वाचून वाईट वाटलं. आमचं नीट पार पडलं, तेही लिहितो.

गाडी ५ लाख १० हजारांची. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर बोजा दिसला. मालकाने लपवलं नव्हतं, ‘दीड-एक लाख बाकी असतील’ म्हणाला. आम्ही दोघं त्याच्या शाखेत गेलो आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज आत्ता बंद करायला किती भरायचे याचं पत्र, मागितलं. आकडा निघाला १ लाख ८७ हजार, कारण मुदतीआधी बंद करण्याचे चार्जेस आणि त्या तारखेपर्यंतचं व्याज त्याने धरलंच नव्हतं. त्या पत्रावर आकडा कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. त्याच दिवशी तेवढी रक्कम मी माझ्या खात्यातून आरटीजीएसने थेट त्याच्या कर्जखात्यात भरली. मालकाच्या हातात तेव्हा फक्त ११ हजार इसार होता.

एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ यायला सतरा दिवस लागले. तोवर गाडी त्याच्याकडे, उरलेले ३ लाख १२ हजार माझ्याकडे. ज्या दिवशी बोजा उतरवण्याचा आणि नाव बदलण्याचा अर्ज एकत्र दाखल झाला, त्या दिवशी पैसे दिले आणि किल्ली घेतली. सतरा दिवस बायको रोज विचारायची, गाडी कधी येणार. थांबलो ते बरं झालं.

हडपसर गाडीतळ

एनओसी हातात मिळाली म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांसाठी लिहितो.

२०१९. गाडी ४ लाख ६० हजार. आरसीवर बोजा होता, पण एजंटने बँकेच्या लेटरहेडवरची एनओसी आणि शिक्का मारलेल्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती समोर ठेवल्या. मी स्वतः दुकान चालवतो, कागद बघायची सवय आहे. मला संशय आला नाही. पूर्ण पैसे दिले. संगम पुलाजवळच्या आरटीओत फाइल टाकली आणि ती परत आली. बँकेकडून पडताळणीत उत्तर होतं: कर्ज चालू आहे, बाकी २ लाख ९० हजार. एनओसीवर ज्या अधिकाऱ्याची सही होती, त्या नावाचं त्या शाखेत कुणी नव्हतंच.

गुन्हा नोंदवून घ्यायला सहा आठवडे चकरा मारल्या. ४२०, ४६८, ४७१ ही फसवणुकीची आणि बनावट कागदांची कलमं लागली. आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. गाडी मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, झाली. पोलीस ठाण्याच्या आवारात चौदा महिने उघड्यावर उभी. दोन पावसाळे गेले. टायर बसले, आतल्या सीटवर बुरशी आली. मी सुपुर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर) गाडी मागितली, बँकेनेही मागितली. बोजा बँकेचा म्हणून गाडी बँकेला गेली. एजंटाकडून हप्त्याहप्त्याने दीड लाख सुटले, बाकीचे गेले.

ती एनओसी घेऊन मी शाखेत फक्त एकदा गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. शाखा माझ्या दुकानापासून दीड किलोमीटरवर आहे.

कात्रजकर

मी घेणारा नाही, देणारा आहे. चूक माझीही होती, म्हणून खरं लिहितो.

२०१८ ला कर्ज काढून गाडी घेतली, हप्ता ९,४०० रुपये. २०२० मध्ये पगार निम्मा झाला. मोरेटोरियममध्ये हप्ते थांबले, पण व्याज थांबलं नव्हतं. धायरीच्या एका ओळखीच्या माणसाने ७० हजार रोख दिले आणि पुढचे हप्ते तो भरणार असं ठरलं. शंभरच्या बाँडवर लिहून नोटरी केली. बँकेला काही कळवलं नाही. इकडे ह्याला ‘हप्त्यावर गाडी देणं’ म्हणतात आणि सर्रास चालतं.

त्याने अकरा हप्ते भरले. मग थांबला. त्याच सुमारास नवले पुलावर गाडीने एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरच्या मुलाचा पाय मोडला. विमा संपलेला होता. नोटीस कुणाला आली? मला. मोटार अपघात दाव्यात नोंदणीकृत मालक मी. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये हेच सांगितलंय की, आरसीवर ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. माझा बाँड वकिलाने वाचला आणि बाजूला ठेवला.

दावा तडजोडीत मिटला, ते पैसे मी सोसायटीतून कर्ज काढून भरले. त्या मुलाला दोनदा भेटायला गेलो, कारण गाडी मी चालवत नसलो तरी माझ्या नावाची होती. थकलेल्या हप्त्यांनी सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) इतका पडला की घराचं कर्ज दोन ठिकाणी नाकारलं.

घेणाऱ्यांना सांगतो, असा सौदा तुम्हालाही घातक आहे. मी मनात आणलं असतं तर दुसऱ्या किल्लीने गाडी घेऊन जाऊ शकलो असतो, आणि तुमच्याजवळ कुठला कागद उरला असता?

मोशी, मूळचा जुन्नरचा

आमच्याकडचा प्रकार वेगळाच. आरसी स्वच्छ, एम-परिवहनवर बोजा नाही. एमएच १४ ची इको व्हॅन घेतली, भाजीपाला आणायला. नावावर पण झाली. सहा महिन्यांनी पतसंस्थेचा वसुली अधिकारी दारात, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन.

विकणाऱ्याने गावाकडच्या पतसंस्थेतून गाडीवर तारण कर्ज उचललं होतं. संस्थेने आरटीओत बोजा चढवलाच नाही, मूळ आरसी फक्त कपाटात ठेवून घेतली. ह्याने आरसी हरवली म्हणून अर्ज दिला, डुप्लिकेट काढली आणि ती दाखवून मला गाडी विकली. कार्डावर डुप्लिकेट असं लिहिलेलं होतं, मी विचारलंही होतं. “पावसात भिजली” म्हणाला. मी मान हलवली.

गाडी माझ्या नावावर होती म्हणून वाचली. पण हरकत अर्ज, सहायक निबंधकांचं कार्यालय, तारखा, ह्यात सीझन गेला. पहाटे मार्केट यार्डात जायचं सोडून मी कागद घेऊन फिरत होतो. डुप्लिकेट आरसी दिसली की आता मी भावकीतल्यालाही सांगतो, आधी मूळ आरसी का गेली ते खोदून विचार.

सहकारनगर, निवृत्त, कर्ज विभाग

एका बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षे काम केले. टेबलाच्या पलीकडून काही गोष्टी सांगतो, कारण त्या ग्राहकाला सहसा सांगितल्या जात नाहीत.

पहिली. गाडीचे कर्ज शून्य झाले तरी एनओसी अडू शकते. त्याच ग्राहकाचे क्रेडिट कार्ड थकलेले असेल, किंवा तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन असेल, तर करारातील कलमाचा आधार घेऊन बँक तारण सोडत नाही. म्हणून शाखेत ‘ह्या गाडीचे किती बाकी’ एवढेच विचारू नका. ‘एवढी रक्कम भरल्यावर एनओसी मिळेल ना, दुसऱ्या कुठल्या येण्यापोटी अडणार नाही ना,’ असे कर्जदाराला समोर बसवून विचारा आणि ईमेलवर लिहून घ्या. कर्जदाराच्या संमतीशिवाय बँक तुम्हाला काहीही सांगणार नाही, हे योग्यच आहे.

दुसरी. एनओसीला मुदत असते, सहसा तीन महिन्यांची. अनेक जण कर्ज फिटल्यावर ती फाइलीत ठेवतात आणि बोजा उतरवायचे राहून जाते. अशा गाडीचा मालक ‘कर्ज फिटलंय’ म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो.

तिसरी. वैयक्तिक कर्जे फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा काढणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. वाहन कर्ज त्यात येते. शाखेत हे शांतपणे, तारीख सांगून म्हणावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे बोजा असताना वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. हप्ते थकल्यावर गाडी ताब्यात घेऊन तीच संस्था स्वतःच्या नावाने नवी आरसीही मागू शकते. कात्रजकर ज्या बाँडबद्दल लिहितात, त्याला ह्या कलमापुढे वजन नाही.

औंध

काका, विम्याचं सांगाल का? आमच्या गाडीवर अजून मागच्या मालकाच्या बँकेचं नाव आहे.

सहकारनगर, निवृत्त, कर्ज विभाग

पॉलिसीवर वित्तसंस्थेचे नाव असेल तर गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण नुकसान झाल्यास रक्कम आधी वित्तसंस्थेकडे जाते. पॉलिसी मागच्या मालकाच्या नावावर राहिली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्रयस्थाच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण तेवढाच. नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. तुम्ही आजच जा.

बाणेर

थोडंसंच. डीलरकडून घेत असाल तर त्याला आरटीओचं अधिकारपत्र विचारा, फॉर्म २९बी. १ एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद २९सी ने पोर्टलवर होते आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर येते. मी तीन ठिकाणी विचारलं. एकाने लगेच काढून दाखवलं, दोघांनी विषय बदलला. ज्याने दाखवलं त्याच्याकडून घेतली, वीस हजार जास्त देऊन.

वारजेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. कात्रजकर दादा, तुम्ही त्या मुलाला भेटायला गेलात ते वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मावसभावाच्या गाडीचं सांगायचं राहिलं. काकांनी लिहिलं तसं मालकाला घेऊन आम्ही शाखेत गेलो. शाखेतल्या बाईंनी खातं उघडून बघितलं. कर्ज खरंच २०२१ मध्ये फिटलेलं होतं, दुसरं काही येणं नव्हतं. एनओसी मालकाच्या जुन्या, सिंहगड रोडच्या पत्त्यावर गेली होती आणि कुणी न घेतल्यामुळे परत आली होती. त्यांनी नव्याने अर्ज घेतला. मालकाला मी म्हटलं, तुमच्यावर अविश्वास नाही, आमचं आधी पोळलंय. त्यावर ते म्हणाले, “माझीच चूक, चार वर्षं कागद शोधला नाही.”

अकरा दिवसांनी एनओसी आणि फॉर्म ३५ आले. काल एम-परिवहनवर पाहिलं, बोजाचा रकाना रिकामा आहे. सोमवारी टीटी दाखल करायचंय. पैसे अजून मावसभावाच्याच खात्यात आहेत.