मदत हवी: बेळगावातल्या जुन्या वास्तू पायी दाखवायच्यात, क्रम सांगा

सांबऱ्याचा_नाना: शनिवारी पुण्याचे पाहुणे येताहेत. किल्ला, खडे बाजार, रिसालदार गल्ली, वीरसौध दाखवायचंय. आधी काय, मागनं काय? लवकर सांगा ओ, मॅप नुसतं गरगर फिरवतंय.

टिळकवाडी_काकू: किती जण? वयं काय? सकाळी की संध्याकाळी?

खडेबाजारी: किल्ल्यापासनंच सुरू करा की. दुर्गादेवीचं देऊळ, मग कमलबस्ती, म्हणजे जैन मंदिर. १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपात उभं राहून वर बघा, छतातनं दगडी कमळ खाली लोंबतंय. पाकळ्या मोजून घ्या. तिथं गडबड करू नका.

शहापूरचा_पक्या: चूक. आधी बाजार, तोही सकाळी लवकर. दुकानं उघडली की फलक आणि ताडपत्र्यांत जुन्या माड्या दिसतच नाहीत. आणि शहापूर कुठं गेलं यादीतनं? आमची पेठ सांगली संस्थानातली, तुमच्या कॅम्पासारखी इंग्रजांची नव्हे!

खडेबाजारी: म्हणजे पाहुण्यांना बंद शटरं दाखवणार?

मिरजवाला: त्यापेक्षा कित्तूरला न्या. राणी चन्नम्मांचा वाडा बघण्यासारखा आहे.

शहापूरचा_पक्या: पायी काय ओ, कित्तूरला?

टिळकवाडी_काकू: वीरसौध पायी नकोच, रिक्षा करा. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरलं, त्याचं ते स्मारक; गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकदाच. काँग्रेस विहीर तिथंच आहे, तीही दाखवा. रिसालदार गल्लीत १८९२ मध्ये विवेकानंद भाटे यांच्या घरी उतरले होते. ते स्मारक उघडं कधी असतं ते आधी विचारून ठेवा. बाकी नाना, माझ्या प्रश्नांचं काय?

सांबऱ्याचा_नाना: चौघं. सकाळीच. आत्यांचे गुडघे बदललेत, जिने चालणार नाहीत. दुपारी दोनला परतीची गाडी आहे.

टिळकवाडी_काकू: अहो, मग एवढं होतंय कसं? सकाळी आधी कमलबस्ती, मग रिक्षानं रिसालदार गल्ली, तिथनं वीरसौध. बाजार जाता-येता रिक्षातनंच बघू दे. आत्यांना गल्लीत चालवू नका, मोटरसायकली अंगावर येतात.

शहापूरचा_पक्या: रिक्षातनं माड्या दिसत नाहीत. आत्यांना कुंद्याच्या, म्हणजे आपल्या मिठाईच्या, दुकानात बसवा, बाकीच्यांना फिरवा.

खडेबाजारी: कुंदा कुठला घ्यायचा, तेही सांगून टाक.

शहापूरचा_पक्या: शहापूरचाच.

खडेबाजारी: वाटलंच.

मिरजवाला: कित्तूरला संग्रहालयही आहे.