मदत हवी आहे: २००८ ची जर्मन डिझेल सेडान, तेलगळती आणि चढावर गळणारी ताकद (इंदूर)

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांची. २००८ चं मॉडेल, ३ लिटरचं व्ही-६ डिझेल, ७ गिअरची ऑटोमॅटिक. मर्सिडीजचं इंजिन ६४२, गिअरबॉक्स ७२२.९ म्हटलं की जाणकारांना गाडी कळेलच. सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास चालली आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये इथल्या आरटीओत फेरनोंदणी केली, त्यामुळे कागद २०२८ पर्यंत चालतील.

गाडी मला ठेवायची आहे, हे आधीच सांगतो. "विका आणि नवी छोटी घ्या" असं घरात सगळेच म्हणतात. पण आईच्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून पुण्याला मावशीकडे जायचं तर ती याच गाडीत न कण्हता बसते. विकून तीन लाखही हातात येणार नाहीत, आणि त्या पैशांत असं सीट आणि असं सस्पेन्शन कुठे मिळणार?

आता त्रास. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या जागेखाली काळं तेल टपकलेलं दिसतं. दुसरं म्हणजे महाराष्ट्रातून परत येताना धामणोद सोडून मानपूरचा चढ लागला की कधीकधी इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी ओढतच नाही. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा सरळ चालते. शहरात, अगदी पलासियाच्या गर्दीतसुद्धा, हा प्रकार होत नाही.

एका मोठ्या वर्कशॉपने एस्टिमेट दिलं पावणेतीन लाखांचं: गिअरबॉक्स उतरवून क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील, आणि शिवाय गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट (गिअर बदलणारा संगणक) नवं. देवास नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी वरून टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "मागचं सील ठीक आहे, ऑइल कूलर गळतोय. पंचावन्न हजारांत करून देतो, गिअरबॉक्सला हात लावू नका." दोघेही ठामपणे बोलले आणि दोघांनीही काहीच उघडलेलं नाही. खर्च करायची तयारी आहे, पण चुकीच्या जागी पावणेतीन लाख घालायचे नाहीत. न उघडता खात्री कशी करायची? आणि हे दोन त्रास वेगवेगळे समजायचे का?

प्रतिसाद १

तुमचे मिस्त्री बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. या इंजिनात ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसतो. त्याची रबरी सील वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कडक होतात. तेल त्या खोबणीत साठतं आणि मागच्या बाजूने बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावर, उतरतं. खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटतं. जगभर या इंजिनांचे गिअरबॉक्स याच समजुतीने विनाकारण उतरवले गेले आहेत.

खात्री करणं अवघड नाही. इंजिन वरून-खालून धुऊन घ्या, तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका, आठवडाभर चालवा आणि मग बोअरस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) व यूव्ही टॉर्चने खोबण बघा. खोबण कोरडी आणि खाली मात्र ओलं असेल तर मागच्या सीलचा विचार करा. खोबणीतच तेल असेल तर कूलरची सील किंवा टर्बोच्या तोंडाशी असलेलं हवेच्या पाइपचं सील. सील स्वस्त असतात, पैसे जातात ते मजुरीत, कारण टर्बो आणि मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात पोचत नाही. जुनी मूळ सील नारिंगी होती, नंतर सुधारित जांभळी आली. जांभळीच बसवून घ्या आणि बसवण्याआधी डोळ्यांनी पाहा.

चढावरच्या त्रासाबद्दल: टर्बोच्या तोंडाचं सील गळलं की तेल खालच्या इनटेक फ्लॅपच्या (हवेच्या वाटेतल्या झडपांच्या) मोटरवर पडतं. ती मोटर बिघडली की इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेतं. म्हणजे तुमच्या दोन्ही त्रासांचं मूळ त्याच खोबणीत असू शकतं. पण हा अंदाज झाला. गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने वाचल्याशिवाय कुणालाही काहीही बदलू देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. कोड इंजिनाच्या युनिटमध्ये आहे की गिअरबॉक्सच्या, हे आधी लेखी घ्या. गिअरबॉक्सचा असेल तर गाडी सहसा एकाच गिअरमध्ये अडकते. पुढच्या वेळी डॅशबोर्डवर गिअरचा आकडा बदलतोय का तेवढं बघून ठेवा. या गिअरबॉक्सचे स्पीड सेन्सर कंट्रोल युनिटच्या आतच असतात, म्हणून एक सेन्सर गेला तरी अख्खं युनिट बदलायला सांगतात. नवं युनिट त्या गाडीला ऑनलाइन कोडिंग करून (त्या गाडीची माहिती युनिटमध्ये भरून) जोडावं लागतं. भंगारातलं जुनं आणून नुसतं लावलं तर चालत नाही, त्यामुळे कुणी "स्वस्तात सेकंडहँड टाकून देतो" म्हणालं तर आधी कोडिंगचं विचारा.

याआधी डिकीतली मुख्य बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की या गाड्या भलतेसलते कोड दाखवतात.

टर्बो निघणारच असेल तर त्याच वेळी इनटेकची गॅस्केट, टर्बोच्या तोंडाचं सील आणि फ्लॅपची मोटर उरकून घ्या. सुट्या भागांचे पैसे वाढतील, पण तीच मजुरी दोनदा जाणार नाही. पुढच्या आर्म्सचे बुश, इंजिन माउंट वगैरे आवाज करत नसतील तर सध्या राहू द्या. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलल्याची नोंद नसेल तर ते मात्र करा, योग्य स्पेसिफिकेशनचं तेल घालून आणि ठरलेल्या तापमानाला लेव्हल लावून.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चढावर गिअरचा आकडा बदलत होता, हे बायकोने शेजारी बसून पाहिलेलं आहे. म्हणजे संशय इंजिनाकडेच जातो. वर्कशॉपकडे कोडचा प्रिंट मागितला तर "सिस्टिममध्ये आहे" एवढंच उत्तर मिळालं, त्यामुळे तिथलं काम मी थांबवलं आहे. मिस्त्री डाय टाकायला लगेच तयार झाले, जांभळ्या सीलबद्दलही त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे या गाडीचे सगळे युनिट वाचणारा स्कॅनर मात्र नाही. विजयनगर, देवास नाका किंवा लसूड़ियाच्या बाजूला असा स्कॅनर असलेलं आणि प्रिंट हातात देणारं स्वतंत्र गॅरेज कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवाळीत आईला पुण्याला न्यायचं आहे, त्याआधी हे काम मार्गी लावायचंय.