मदत हवी आहे: कॅमेऱ्याच्या लेन्सचं वर्गीकरण नेमकं कशावरून करतात?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते. आमच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल शिकवायचं आहे. खाडीवरचे फ्लेमिंगो टिपायला येणाऱ्यांच्या लांबलचक लेन्स पाहून प्रश्न त्यांनीच काढला: आत किती भिंगं असतात?

मला कळलंय ते असं. एकेक काच म्हणजे एलिमेंट. एकमेकींना चिकटवलेल्या काचांचा मिळून एक ग्रुप, आणि सुटी काच एकटी असली तरी तिचाही एक ग्रुप. एच. डेनिस टेलरच्या १८९३ च्या कुक ट्रिपलेट या लेन्स-रचनेत ३ काचा, ३ ग्रुप. १९०२ च्या टेसार या रचनेत ४ काचा, पण मागच्या दोन चिकटवलेल्या, म्हणून ३ ग्रुप. इथपर्यंत मुलांना नक्की समजेल.

अडतंय पुढे. टेसारला ट्रिपलेटचा सुधारित प्रकार म्हणायचं की स्वतंत्र प्रकार? रचना पाहिली तर पहिलं पटतं, पण टेसारचा रचनाकार पॉल रुडॉल्फ तिथे वेगळ्या वाटेने पोहोचला असंही वाचलं. मग वर्ग ठरवताना रचना बघायची की वंशावळ? डबल गॉस या आणखी एका रचनेत तर काचांची संख्या बदलली तरी नाव तेच राहतं, कारण ॲपर्चरच्या (लेन्समधल्या प्रकाश जाण्याच्या छिद्राच्या) दोन्ही बाजूंची साधारण सममिती टिकते. म्हणजे नुसती मोजणी पुरेशी नाही, असं मला वाटतं.

दुसरं, लेन्स न उघडता टॉर्चच्या प्रतिबिंबांवरून प्रकार ओळखता येतो म्हणे. हवेला लागलेल्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब ठळक, चिकटवलेल्या जोडाचं फिकट. मुलांसमोर हे कुणी करून दाखवलं आहे का? काचेवरच्या कोटिंगमुळे (परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थरामुळे) फिकट प्रतिबिंब दिसेनासं होतं का? ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे जुनी, बिघडलेली, उघडून दाखवता येईल अशी लेन्स असेल तर कृपया कळवा.