पडद्यावरची सुरंगी चिकटवल्यासारखी दिसते

परसदार (वेंगुर्ले): माजघराच्या पडद्यांसाठी मांजरपाटावर भरतकाम करतेय. वळण विल्यम मॉरिसच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्सचं (इंग्लंडातली एकोणिसाव्या शतकातली हस्तकलेची चळवळ), पण तिकडच्या हनीसकलच्या फुलांऐवजी आमच्या परसातली सुरंगी. तीन आठवड्यांत काठाला अकरा फुलं झाली. टाके सफाईदार आलेत, तरी फुलं वरून चिकटवल्यासारखी वाटतात. सासूबाई गजरे करायच्या, तीच सुरंगी आहे हे ओळखू यायला हवं, ही माझी फार इच्छा. आणि तिकडे लोकर वापरत, ती इथे चालेल?

सुईदोरा: ताई, तुम्ही फुलं आधी काढलीत. झाडाखाली उभ्या राहा. सुरंगी शेंड्याला फुलत नाही, जुन्या फांदीलाच घोस लगडतात. म्हणून आधी फांदी, तळापासून वर वळत जाणारी, एकसलग दांडी टाक्याने. मग पानं, मग कळ्या. मॉरिसची मुलगी मे हिने १८८५ मध्ये, तेविसाव्या वर्षी वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. तिची कामं बघा, देठ कुठून निघाला ते दिसतं. पान भरताना टाके मधल्या शिरेकडे तिरके उतरवा, आडवे नकोत. परागांना पिवळ्या गाठी, अगदी दाट.

मालवणची मावशी: लोकर नको गो. पावसाळ्यात कुबट वास येतो, कसर लागते. रेशीम सुंदर दिसतं (इंग्लंडात लीक गावी एलिझाबेथ वॉर्डल यांनी १८७९ मध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांची संस्था काढली, त्या आपल्या भारतातल्या टसरवर रेशमाने भरत), पण माजघराचा पडदा दर महिन्याला धुवायचा, तेव्हा सुती धागाच घे. माझ्या अभ्र्यावर लाल धाग्याने रंग सोडला, दोन महिन्यांचं काम गेलं. लडीतला थोडा धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेव. मांजरपाट आधी धुतलायस ना? आटतो तो.

परसदार: मांजरपाट धुतलेला आहे. सकाळी झाडाखाली बसून फांदी कागदावर उतरवली. पान जाड, गडद, वरून चकचकीत आणि समोरासमोर जोडीने, हे इतकी वर्षं पाहून लक्षातच आलं नव्हतं. अकरापैकी सहा फुलं उसवली. उरलेल्या पाचांमधून फांदी जाते. पानाच्या एका अंगाला गडद हिरवा, दुसऱ्याला पोपटी घेतेय. लाल धाग्याचं फडकं उद्या बघेन.