स्क्वॅमस सेल कार्सिनोमा: गालाचा आणि गर्भाशयमुखाचा आजार एकच का?

प्रश्न (लातूर): काकांच्या गालाच्या आतील जखमेच्या बायोप्सीत ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ निघाला आहे. पूर्वी मावशींच्या गर्भाशयमुखाच्या अहवालातही हेच नाव होते. आजार आणि उपचार एकच असतात का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): नाव पेशींवरून पडले आहे: ‘स्क्वॅमस सेल’ म्हणजे चपटी पेशी आणि ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग. त्वचा, तोंड, अन्ननलिका आणि गर्भाशयमुखाचा बाहेरील भाग यांवर चपट्या पेशींचा थर असतो. फुप्फुसातील श्वासनलिकांना तो मुळात नसतो, पण धूम्रपानाने तेथील अस्तर बदलत जाऊन हाच कर्करोग होऊ शकतो. कारणे मात्र निराळी आहेत: तोंडात तंबाखू, गुटखा व सुपारी, गर्भाशयमुखात दीर्घकाळ टिकलेला एचपीव्ही विषाणूचा संसर्ग, त्वचेवर ऊन किंवा भाजल्याचा जुना व्रण. गालाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया करतात, तर गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या आजारात किरणोपचारासोबत केमोथेरपी देतात. त्यामुळे मावशींच्या अनुभवावरून काकांचा अंदाज कृपया बांधू नये.

उत्तर (धाराशिव): आमच्या जिल्ह्यातील गावांमध्ये ३० ते ५९ वर्षांच्या स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले होते. आपल्या भागातील स्त्रियांनी दिलेले हे योगदान मला फार मोलाचे वाटते. घरातील स्त्रियांची तपासणी अवश्य करावी.

उत्तर (बीड): काकांच्या मानेतील गाठींची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना आधी विचारावे, तोंडाचा कर्करोग प्रथम तेथेच पसरतो. तंबाखू आजच बंद करावी.